पथ्याचा कागद

आमच्या आप्पांना एखादी गोष्ट पाळायला सांगितली की ते ती पाळतात, आणि ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दुसऱ्यांचे वडील औषधं चुकवतात, लपून तंबाखू खातात, डॉक्टरांसमोर बिनधास्त खोटं बोलतात. त्यांच्या लेकींना निदान भांडायला जागा तरी असते. मला तेवढीही ठेवली नाही माणसानं.

आप्पा म्हणजे माझे वडील. कळंब डेपोत एसटीचे कंडक्टर होते, रिटायर होईपर्यंत. नियम म्हणजे नियम. माझ्या मामाचं, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचं, त्यांनी तिकीट फाडलं होतं आणि मामा त्यावरून दोन दिवाळ्या आमच्याकडं आला नव्हता. आई गेल्यावर ते गावी एकटे राहायचे. गाव ढोकीच्या रस्त्याला, कळंबपासून अर्ध्या तासावर. शेजारच्या घरात काकू, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका वारलेले. शेत सामाईक, ते काकूच बघते. मी कळंबला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, तो शनिवार-रविवार असतो. एवढंच आमचं माणूसबळ.

एक जुनी गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडकलंय. मी तिसरीत असताना मला कावीळ झाली. आप्पांनी मला स्वतःच्याच गाडीत कंडक्टर सीटवर बसवून एका गावी नेलं. तिथं एक म्हातारा काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायचा. सात दिवसांचं औषध आणि पथ्य कडक: तेल नाही, तिखट नाही, आंबट नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या मागं मी चिंचेचे दोन आकडे खाल्ले आणि संध्याकाळी भीतीनं सांगूनही टाकलं. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी उरलेल्या पुड्या उचलल्या आणि परसात ओतल्या. "पथ्य मोडलं की औषध घ्यायचं नसतं माय," ते म्हणाले, "उलटतं." पुढच्या आठवड्यात परत मला तिकडं नेलं आणि पहिल्या पुडीपासून सुरू केलं. मी बरी झाले. त्यांच्या हिशेबी नियम सिद्ध झाला. आमच्याकडं हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना तो ठाऊकच असतो. मलाही ठाऊक होता. पण बी.एड. करून, तालुक्याच्या गावी राहून, मी तो साफ विसरले होते.

तर आप्पांना दम लागायला लागला. आधी शेतातून घरी येताना, मग अंगणातून ओट्यावर चढताना. सोनोग्राफीसारखं ते हृदयाचं चित्र काढलं, तर झडप खराब निघाली. आमच्याकडं झडप कुणी म्हणत नाही, वॉल म्हणतात. "वॉल गेलाय म्हणं." पाण्याच्या मोटरीचा गेल्यासारखा. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, उगीच नावं ठेवत नाही. म्हणाले, वॉल दोन तऱ्हेचे. एक धातूचा: टिकतो खूप, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. दुसरा जनावराच्या पडद्यापासून केलेला: दहा-पंधरा वर्षांनी झिजतो, पण वय बघता चालेल, आणि गोळी जन्मभर लागत नाही. पहिले तीन महिने मात्र लागते. का, तर नवीन वॉल रक्ताला परका असतो. शरीर हळूहळू त्याच्यावर आपलं अस्तर धरतं. तोवर तिथं रक्ताची गुठळी बसू शकते, आणि सुटली तर थेट मेंदूत जाते. म्हणून हे तीन महिने सांभाळायचे.

मी ते वहीत उतरवून घेतलं. मास्तरीण आहे ना.

आप्पांनी एकच विचारलं, "कुठल्या जनावराचा?"

डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, "बैलाच्या हृदयाभोवतीचं आवरण असतं, त्याचा."

मला वाटलं, झालं, आता हे उठून निघणार. आप्पा म्हणाले, "बैल व्हय? मंग वडंल." ओढेल म्हणे! डॉक्टर मराठीच होते, पण त्यांना काही कळलं नाही. मी हसता हसता रडले.

खरी अडचण बैलाची नव्हती, गोळीची होती. आमच्या गावात एका किराणा दुकानदाराला धातूचा वॉल आहे. दुकानात गर्दी नसली की त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. त्याला महिन्याला रक्त तपासावं लागतं, दाढी करताना कापलं तर अर्धा तास कापूस धरून बसतो. आप्पांनी ते रोज पाहिलेलं. ऑपरेशनला ते तयारच होईनात. मग मीच गळ घातली. "आप्पा, तुमचा वॉल तसला न्हाय. ह्याला गोळीच लागत न्हाय." तीन महिन्यांची भानगड मी तेव्हा गिळली. म्हटलं, आधी ऑपरेशन तर होऊ दे. काकूलाही तेच सांगितलं, शेजारणींनाही तेच, आणि जरा तोऱ्यातच सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर हातात गोळ्यांची पाकिटं पडली तेव्हा आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "तूच म्हनलीस की, गोळी न्हाय म्हणून."

"तीनच महिने हो आप्पा! नव्वद दिवस!"

"मंग तवाच सांगायचं."

बरोबर होतं त्यांचं. पण त्यांचं बरोबर असलं की माझा आवाज अजून चढतो, हा माझा स्वभाव. मी चढवला.

दिवाळीनंतर त्यांना कळंबला माझ्याकडं आणलं. रोज संध्याकाळी सहाला गोळी. अर्धी का पाऊण का एक, ते रक्ताच्या तपासणीवर ठरायचं. आणि ती तपासणी म्हणजे जिवाला घोर. कळंबला रक्त घ्यायचे, बाटली लातूरला जायची, रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर यायचा. तो मी पुण्याला पाठवायचा. तिकडून संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं की आज अर्धी द्यायची का एक, ह्या विचारात मी पोळ्या करपवायची. एकदा आकडा कमी, एकदा एकदम जास्त. जास्त आला की हिरड्यांतून रक्त येईल, कमी आला की गुठळी होईल. मधला आकडा आला की दोन दिवस जरा श्वास घ्यायचा आणि परत सुई. शाळेत पोरांची परीक्षा मी घेते, घरी आप्पांच्या रक्ताची परीक्षा, आणि दोन्हीकडं नापास झालं की दोष माझा.

हा आकडा खाण्यानंही हलतो. पालेभाजी जास्त झाली की गोळीचा जोर कमी होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पालेभाजी बंद करू नका. रोज थोडी, सारख्या मापानं चालेल. एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, असं नको." आता तुम्हीच सांगा, मराठवाड्यात हिवाळ्यात सारख्या मापानं पालेभाजी कोण खातं? मेथी निघाली की मेथी, हरभरा खुडायला आला की रोज त्याचीच भाजी. माप कुणी ठेवायचं? मी शाळेत जाणार, ते घरी. मी विचार केला, पहिलीच्या पोरांना अर्धा नियम सांगितला की ती अर्धाही पाळत नाहीत. एकदम बंद सांगावं. मी फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरात एक कागद लिहिला, लाल पेननं, आणि फ्रिजशेजारच्या भिंतीवर चिकटवला. "आप्पांचं पथ्य. पालेभाजी बंद. मेथी, पालक, हरभरा, शेपू, चुका, कांद्याची पात बंद. झाडपाल्याचं औषध बंद. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही." अशा दहा-बारा ओळी. काहींखाली दोन-दोन रेघा.

आप्पांनी चष्मा लावून सगळा वाचला. "पथ्य हाय व्हय," म्हणाले. "मग तसं बोल." आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान आलं. इतके दिवस आकडे, तपासण्या, अर्धी-पाऊण गोळी, ह्यातलं त्यांना काहीच धरता येत नव्हतं. पथ्य त्यांना कळत होतं. मला वाटलं, चला, जिंकले.

मग आली येळवस. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते: वेळा अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, त्यात पूजा, आणि मग जेवण. आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानात जे जे हिरवं आहे ते सगळं, मेथी, हरभऱ्याचा पाला, पात, तुरीचे दाणे, वाटाणे, घेवडा, बेसन लावून चिंच घालून भलं मोठं पातेलं शिजवायचं. ज्याच्याकडं शेत नाही त्याला शेतवाला हात धरून नेतो. कळंबात त्या दिवशी दुकानंसुद्धा उघडी नसतात. आणि भज्जी एका दिवसात संपत नाही. दुसऱ्या दिवशीची शिळी जास्त गोड लागते असं म्हणत लोक चार-चार दिवस खातात, एकमेकांकडं डबे पाठवतात.

आप्पा म्हणाले, "मी गावाकडं जाऊन येतो. ऑपरेशन झाल्यापासून रान बगितलं न्हाय." सात आठवडे झाले होते. दम थांबला होता, रंग परत आला होता. मला नेमकं त्याच आठवड्यात शिक्षकांचं प्रशिक्षण, सुट्टी मिळेना. काकू फोनवर म्हणाली, "पाठव गं बाई, मी काय त्यांना उपाशी ठेवते का?" मी म्हटलं, उपाशी ठेवशील ह्याची भीती नाहीच, खाऊ घालशील ह्याची आहे. शनिवारपर्यंतच्या सहा गोळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून काकूला पाठवला. स्टँडवर बसवताना दहा वेळा बजावलं, "भज्जी खायची न्हाय. हात बी लावायचा न्हाय."

"न्हाय खात, माय."

येळवसेच्या संध्याकाळी मी प्रशिक्षणातून घरी आले. दिवसभर एक तरुण साहेब आम्हाला पोरांना हसत-खेळत कसं शिकवावं हे पडद्यावर दाखवत होता आणि आम्ही पन्नाशीच्या बाया कागदाची फुलं करत होतो. डोकं आधीच तापलेलं. चहाला आधण ठेवलं आणि आप्पांचा फोन आला. लपवणारा माणूसच नाही तो. काविळीत मी चिंच खाल्ल्याचं सांगितलं होतं, तसंच त्यांनी सांगितलं.

"माय, जरा भज्जी खाल्ली. समदे बसले व्हते. नको म्हनलं तर बरं दिसंना."

"किती खाल्ली?"

"दोन वाट्या. आन् घरी आल्यावर एक."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच: "सात आठवडे मी मरमर मरतेय, रजा घालवतेय, आन् तुम्ही एका दिवसात वाटोळं केलंत! पालेभाजीच खायची असंल तर त्या गोळीचा काय उपयोग? घेतली काय आन् नाही घेतली काय, सारखंच!"

मग ते म्हणाले, "बरं."

मी फोन ठेवला. आपटला म्हणा. आणि मग फुगून बसले. त्यांनाही कळू दे, असं मनात. पुढचे पाच दिवस मी फोन केला नाही. काकूचा एकदा आला, तेव्हा मी विचारलं, "पथ्य पाळतात का?" ती म्हणाली, "व्हय व्हय, लई पाळतेत." मला वाटलं भाजी. एवढंच विचारलं मी. अजून एक प्रश्न विचारायला काय जात होतं माझं?

शनिवारी संध्याकाळी सातच्या गाडीनं ते परत आले. हातात माझ्यासाठी ओल्या हरभऱ्याचे टहाळे. मी घेतले आणि काही न बोलता वाढलं; सहाची गोळी घेऊनच निघाले असतील असं धरलं. नवरा म्हणाला, "अगं, म्हातारं माणूस आहे, सोड ना आता." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला काय, तुम्ही सोमवारी जाणार."

रविवारी सकाळी आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी चहा गाळत होते. राग तेवढ्यात उतरत आला होता, म्हटलं, बोलावं आता. "चहा देऊ का आप्पा?"

ते म्हणाले, "येरमाळा."

मी वळले. "काय?"

"येरमाळा. येरमाळा." आणि चिडले. कपाकडं बोट करायला गेले तर उजवा हात वर येईना. तोंडाची एक बाजू ओघळली होती. मी किंचाळले.

नवऱ्याच्या गाडीनं लातूरला निघालो. कारखाने चालू, उसाचा हंगाम. ढोकीच्या अलीकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं, प्रत्येकाच्या टेपरेकॉर्डरवर वेगळं गाणं. नवऱ्यानं हॉर्नवरून हात काढला नाही, पण रस्त्याला खाली उतरायला जागा नव्हती. एक-एक मिनिट जात होतं आणि पुढचा ट्रॅक्टरवाला आरशात बघून शांतपणे हात हलवत होता, थांबा म्हणून. मी काचेतून डोकं काढून त्याला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या शाळेतल्या पोरांनी ऐकल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. मागं आप्पा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होते, "कळंब, येरमाळा, येडशी, उस्मानाबाद." परत पहिल्यापासून. जन्मभर जी गाडी केली तिचे थांबे. बाकी सगळे शब्द गेले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवरचा व्रण पाहिला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "एक दिवस चुकलेली नाही." ठामपणे म्हटलं. थोडं चिडूनच, की हे काय विचारता.

रक्ताचा आकडा आला. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्त नाही." मी त्यांच्याशी भांडले. लॅबच चुकली असेल, म्हटलं मी. मग पिशवी उघडून पाकीट त्यांच्यापुढं टाकायला काढलं, आणि पाहिलं. सहा गोळ्या. सहाही कप्पे न फोडलेले.

बाहेर व्हरांड्यात येऊन काकूला फोन लावला. "काकू, गोळी का नाही दिली त्यांना? तुझ्या घरात होते ना? तुला काय एवढंही जमलं नाही?"

काकू रडायलाच लागली. "आगं माय, म्या रोज म्हनायची, भावजी, गोळी. ते म्हनायचे, पथ्य मोडलंय माझ्या हातून, भज्जी खाल्ली मी. आता औषध घ्यायचं न्हाय, उलटंल. भज्जीचा अंमल उतरू द्या, मग कळंबला जाऊन पहिल्यापासून सुरू करू. आन् पुढचे पाच दिवस त्यांनी भज्जीला हात लावला न्हाय बग, नुसतं भाकरी आन् पिठलं. मी म्हनलं, लेकीला इचारा. तर म्हनले, इचारलंय. तीच म्हनली, घेतली काय आन् न घेतली काय."

मी फोन ठेवला आणि आत डॉक्टरांकडं गेले.

वॉलवर गुठळी धरली होती, तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी बंद झाल्यामुळंच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण ह्या दिवसांत गोळी थांबायला नको होती. भाजी खाऊन गोळी घेतली असती तर? "तर आकडा थोडा हलला असता. आपण मात्रा वाढवली असती. तेवढंच." तेवढंच! तीन वाट्या भज्जीचं एवढंच होणार होतं. बाकीचं सगळं माझ्या तोंडानं केलं.

आप्पा जगले. महिन्यानं पाय सुधारला, काठी धरून चालतात. उजवा हात अर्धा आला. वाचा आली नाही. "न्हाय" म्हणता येतं, "बरं" म्हणता येतं, आणि ते चार थांबे. मला माय म्हणायला जातात आणि येरमाळा बाहेर पडतं, मग स्वतःवरच चिडून डाव्या हातानं कपाळ बडवतात. हात धरावा लागतो. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, नशीब. एक बाई म्हणाली, बैलाचा वॉल बसवला म्हणून वाचा गेली, मुकं जनावर ना ते. तिला मी चहा न देता घालवलं. काकू अजून मला बघितलं की आधी माफी मागते, आणि मला ती जास्तच टोचते, कारण तिचा काही दोष नाही हे तिलाही ठाऊक आहे.

दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी मी भिंतीवरचा तो कागद ओढून काढला आणि चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात फेकला. गोळी आता तीन महिन्यांची राहिली नाही. किती दिवस घ्यायची ते कुणी सांगत नाही. रोज सहाला मी स्वतः हातावर ठेवते, पाणी देते, गिळेपर्यंत उभी राहते. ते गिळतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात, कंडक्टरनं तिकीट दाखवायला सांगावं आणि प्रवाशानं निमूट दाखवावं तसं. नका हो दाखवू आप्पा, मी म्हणते. तरी दाखवतात.

पालेभाजी थोडी थोडी रोज द्या, असं लातूरच्या डॉक्टरांनीही सांगितलं. मी देते. ते खात नाहीत. ताटात मेथी दिसली की बाजूला सारतात. मी समजावलं, चिडले, रडले, डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घेतलं. ते मान हलवतात, "बरं" म्हणतात आणि भाजी तशीच राहते. मला वाटायचं, मेंदूत कुठंतरी अडकलंय, त्यांना कळत नसेल.

यंदाच्या येळवसेला मी हट्टानं त्यांना शेतात नेलं. रजा आधीच टाकून ठेवली होती. खोपीपुढं सतरंजी टाकून बसवलं. काकूनं भज्जी केली, पण त्यांच्यापुढं ठेवायचं तिचं धाडस होईना. पातेलं आपल्या पदराआड घेऊन बसली होती. मीच वाटीत घेतली. गोळीही बरोबर घेतली होती, ती तळहातावर ठेवली. म्हटलं, "आप्पा, दोन्ही घ्यायचं. हे खायचं आन् ही बी घ्यायची. दोन्ही चालतं. मी सांगते ना?"

त्यांनी गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायले, जीभ दाखवली. मी चमचा पुढं केला.

"न्हाय."

"एक घास. माझ्यासाठी."

"न्हाय, न्हाय." आणि डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. बराच वेळ चाचपडत होते, मी मदतीला गेले तर ढकललं. शेवटी एक कागद काढला. घड्या घालून घालून कडा विरलेल्या, मधे चहाचा डाग, चुरगळलेला हातानं सपाट केलेला. लाल अक्षर. माझंच. कचऱ्याच्या डब्यातून त्यांनी तो कधी उचलला, एका हातानं कसा सपाट केला, वर्षभर कुठं सांभाळला, कुणास ठाऊक. त्यांनी तो माझ्यापुढं धरला आणि पालेभाजी बंद ह्या ओळीवर बोट ठेवलं. खाली दोन रेघा होत्या.

मी तो हातात घेऊन पहिल्यांदा नीट वाचला. लिहिल्यानंतर परत कधी वाचलाच नव्हता. मेथी बंद, शेपू बंद, झाडपाला बंद, सगळं बंद. अकरा ओळी. काहीही झालं, काहीही खाल्लं, तरी संध्याकाळी सहाची गोळी घ्यायचीच, ही ओळ त्यात कुठंच नव्हती.

काकूनं विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?"

आप्पांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, परत नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.